मधला शनिवार

रविवारी सकाळी केकचा डबा घेऊन चपला घालत होते, तेवढ्यात रूथबाईंच्या घरमालकिणीचा फोन आला. "बिटिया, बाईजी कल शाम को ही गुज़र गईं. तुम्हारा नंबर अभी मिला." काल... म्हणजे शनिवारी. मला त्यांनी शनिवारीच बोलावलं होतं.

बाई मूळच्या नगरच्या. यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे बनारसला आल्या आणि ते गेल्यावरही मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीतच राहिल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पण अर्ज भरण्यापासून इंग्रजीच्या पेपरापर्यंत मला मागून ढकललं ते बाईंनी. बाबा पंचगंगा घाटावर पूजा सांगतात. दर वर्षी नवं पंचांग आलं की बाई आमच्याकडे ईस्टर शोधायला यायच्या. वसंतात दिवस-रात्र सारखे झाले की पुढची पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. "कॅलेंडरात छापलेला असतो की!" मी म्हणायचे. "असू दे. मला शोधायला आवडतं." बाबा हसायचे, "म्हणजे तुमचे येशू आमचं पंचांग बघून उठतात!" बाई पेन्सिलीनं गोल काढत म्हणायच्या, "चंद्र काय तुमच्या एकट्याचा आहे होय, पंडितजी?"

पंधरा वर्षांची असताना मी गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणत पेढे घेऊन गेले होते. बाईंनी डबा कपाटात ठेवला. "रविवारी खाऊ. आज त्याला क्रुसावर दिलंय गं." मग त्यांनी बसवून सांगितलं. मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा यहुद्यांचा सण वल्हांडण, तो पौर्णिमेला येतो; त्याच दिवसांत येशूला मारलं, म्हणून ईस्टर अजून चंद्राला बांधलेला. रविवारी पहाटे बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीवर गेल्या, तर धोंड सरकलेली आणि आत कुणी नाही.

"आणि शनिवारी काय झालं?"

"काही नाही. त्याची माणसं दार लावून बसली. रविवार येणार हे त्यांना कुठं ठाऊक होतं?"

यंदा शुक्रवारी बाईंचा फोन आला. आवाज बसलेला. "उद्या येतेस? नुसती बस जवळ." मी म्हणाले, "रविवारी येते ना बाई, सणालाच!" "बरं..." म्हणाल्या. शनिवारी मला काहीही काम नव्हतं. कपडे धुतले, मोबाइल बघत लोळले.

लोक म्हणतात, सणाच्या दिवसांत गेल्या, भाग्यवान. मला हे ऐकवत नाही. इतके आठवडे झाले, घाट उतरते, लगेच चढते, त्यांच्या दारापर्यंत जाते नि परत फिरते.

परवा बाबांनी पंचांगाचं शेवटचं पान पुढं केलं. "हे बघ, बाईंनी पुढल्या वर्षीचाही काढून ठेवलाय." पुढल्या वर्षी होळीच उशिरा, म्हणून तिच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी त्यांचा गोल होता, जरा थरथरलेला. पंचांगाच्या दोऱ्याला त्यांची पेन्सिल तशीच लटकत होती. ती घेऊन मी आदल्या दिवसाभोवती गोल काढला.