देव्हाऱ्यातला घोडेस्वार

ज्ञानू सांगलीला माझ्या शाळेत आलेला दिसला आणि मी काय ते ओळखलं. वाटणी झाल्यापासून थोरल्या भावाचं नावही न घेणारा हा माणूस वर्गाच्या दाराशी उभा राहिला, "मास्तर, आमचा गणपादादा गेला की वं…" एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. त्याला आता महिना होऊन गेला. गणपा माझा लहानपणापासूनचा दोस्त. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात एकाच ओढ्यात डुंबलो, एकाच मळ्यातला ऊस चोरला. पुढे मी मास्तर झालो, तो उसातच राहिला. मला जुन्या नाण्या-पदकांचा नाद लागला, तेव्हा "लोकं पैसं खर्चाय मिळवत्यात, ह्यो भिंगानं बघाय मिळवतोय," असं तो चारचौघांत सांगायचा.

या दोघांच्याही वरचा भाऊ सखाराम. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला लढायला गेला तो गेलाच. ना माती मिळाली, ना मागे एखादा फोटो. लढाई संपल्यावर सरकारकडून तिच्या स्मरणाचं चांदीचं पदक तेवढं आलं. एका अंगाला बादशहाचं मुंडकं, दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. काकींनी, म्हणजे गणपाच्या आईने, घोडा पाहिला आणि हा आपला खंडोबाच म्हणून पदक देव्हाऱ्यात ठेवलं. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून पुजायची आमच्याकडे रीतच आहे. माझ्या सख्याचा टाक सरकारनंच धाडला, असं त्या म्हणायच्या. देवाचं म्हणून ते माझ्या हातात कधी देत नसत, पण दर दसऱ्याला चिंचेने घासून त्याला लख्ख करायच्या. जुनं पदक कधी घासू नये, म्हणून मी कानीकपाळी ओरडायचो. "व्हय तर! पोरगं पारुसंच ठिवू का?" असं म्हणून त्या पुन्हा घासायला लागायच्या.

पुढे गणपा आणि ज्ञानूची वाटणी झाली. शेत, बैल, भांडी वाटली, देवही वाटले. पण पदक एकच. काकी ते घेऊन सोनाराकडे गेल्या आणि हुबेहूब दोन पदकं घेऊन आल्या. दोघांच्या हातावर एकेक ठेवलं. "जुनं कुठलं ते इचारायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराला गणपाने छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर त्याने पदक माझ्या हातात दिलं. "गड्या, तुजं ते भिंग काढ. सख्यादादा माज्याकडं हाय का ज्ञानूकडं, एवढं सांग. मग मी सुखानं जातो." काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं मनात आलं, पण त्याने खंडोबाची शपथ घातली… टाकसाळीत छापलेल्या पदकाची अक्षरं धारदार असतात. ही बोथट होती, आणि भिंगाखाली चांदीत बारीक भोकं दिसत होती. पदक साच्यात ओतलेलं होतं. शिवाय खऱ्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं. मी हे सांगितलं तसं गणपाने कडेवरून नख गोल फिरवलं. "नाव असतंय? दादाचं?" त्याने पदक उशाखाली सरकवलं. मग म्हणाला, "जा, ज्ञानूचं बगून ये. त्याच्याकडं तरी असंल."

ज्ञानूने त्याचं पदक काढून दिलं. तीच बोथट अक्षरं, तीच भोकं, कडही कोरी. म्हणजे तेही ओतलेलंच! मी चक्रावलो. काकी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. खरं पदक कुठे आहे, असं मी त्यांना विचारलं.

"मोडलं," त्या म्हणाल्या. "सोनारानं साचा घेतला आन् आटवलं. माजी जोडवी तशी पडूनच हुती, ती त्यात घातली आन् दोन केली. एकाकडं सख्या आन् एकाकडं नुसती चांदी, असं कसं करू बाबा? दोगंबी माजीच की."

"काकी, त्याच्या कडेवर नाव होतं."

त्यांचे हात थांबले. "मला कुटं वाचाय येतंय… काय लिवलं हुतं? सख्याच न्हवं?"

गणपाला मी सगळं सांगितलं. दादा दोघांकडे निम्मा निम्मा आहे, असं म्हणालो. "व्हय, निम्मा हाय," तो म्हणाला, "पर नाव गेलं की रं. जगात तेवढंच लिवलेलं हुतं त्याचं." पदक खरं की खोटं ते मला सांगता येतं. त्यापुढे माझं भिंग काही कामाचं नाही. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

गणपा गेला, त्याचे दिवस झाल्यावर गावी गेलो. काकींनी पदराची गाठ सोडून गणपाचं पदक माझ्या हातात ठेवलं. "ह्ये तुज्या सांगलीच्या सोनाराकडं ने. गणपाचाबी टाक कराय पायजे. ह्येच आटवून कर. भावाभावाला एका जागी राहू दे."

मी हो म्हणालो. दोन लेक गेलेल्या आईला नाही कसं म्हणायचं? सराफकट्ट्यापर्यंत दोनदा गेलो आणि तसाच परत आलो. गणपाचं नख फिरलेली ती कड आटवायला हात धजत नाही. आणि न आटवता काकींच्या पुढे उभं राहायचीही हिंमत नाही. दसरा तोंडावर आला आहे. काल टेबलावर पदक काळवंडलेलं दिसलं. स्वयंपाकघरातून चिंच आणली, भिजवली, आणि जन्मात पहिल्यांदा एक पदक घासायला बसलो. पारुसं कसं ठेवायचं?