काचेपुढचे काका

औरंगपुऱ्यात संध्याकाळी मित्रांबरोबर प्यायला बसायला निघालो, की ते पांढऱ्या टोपीतले काका हमखास दिसायचे. बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानापुढे, काचेकडे तोंड करून, मिशीवरून हात फिरवत उभे. शहराची अब्रू सांभाळायचं काम माझ्याकडेच असल्यासारखा मी एकदा म्हणालो, "काका, वय काय आपलं! रोज काय बघता इथं?"

ते ओशाळले नाहीत. वाकून पोटरी दाबत म्हणाले, "बघतंय कोन, भाऊ? लई वर्षं रोज ढोसली. रक्ताच्या नळ्या कडक झाल्या, पायाला रक्तच पुरंना. डाक्टर म्हनले, दारू सोडा अन् रोज चाला, नाय तर पाय जाईल. सोडली. चालतो. पन पिंढरी बरोब्बर इथंच धरती. पुढं देवाच्या मूर्त्यांचं दुकान हाय, तिथवर काय पोचू देत नाय!"

मी माफी मागितली आणि त्यांच्या पायासाठी हळहळत त्या रात्री दोन पेग जास्त घेतले.

पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर माझी पोटरी अशी आवळली, की पाऊल उचलेना. आधाराला काच धरली, वर पाहिलं, तर समोर गुलाबी झालरी! शेजारी काका. त्यांनी सरकून मला जागा करून दिली.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"छे हो, अधूनमधून घेतो."

"व्हय, व्हय. मीबी इथं अधूनमधूनच थांबतो."

मग माझा दंड धरून म्हणाले, "चला, आज मूर्त्यांपत्तुर जाऊ."