बोळाच्या तोंडाशी म्हशी

रोज संध्याकाळी आमच्या चौकात म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढणारा हा गवळी बोलतो ते म्हशीकडे बघूनच. शेजारच्या बोळात गांजा विकणाऱ्या दोन टोळ्यांत कोयते चालले, तेव्हा मी म्हणालो, "जुनं वैर असेल."

"वैर कसलं, सायेब? धंद्याची जागा हाय ती," तो म्हशीला थोपटत म्हणाला. "गिऱ्हाईक तुटलं की भांडाण मिटलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं चारही म्हशी बोळाच्या तोंडाशीच बांधल्या. दुधाला आमची रांग लागली. एवढ्या ओळखीच्या डोळ्यांसमोरून गांजा घ्यायला जाणार कोण?

त्यातल्या एका टोळीतला एकजण उसळून आला. "म्हशी हलीव!"

"तुमीच हलवा की, पावणं." पहिल्यांदाच माणसाच्या डोळ्यांत बघत त्यानं दावं पुढं केलं.

त्या टोळीवाल्यानं ओढ ओढ ओढलं. म्हैस रवंथ करत राहिली. रांग खदखदून हसली, तसा तो दावं टाकून गेला. रांग मोडू नये म्हणून मी दुसरा ग्लास मागितला.