अण्णा नगरातला नागपुरी कूलर

मी नागपूरहून चेन्नईला, अण्णा नगरातल्या घरी, कूलर आणला. मुद्दाम, रेल्वेच्या पार्सलने, वाळ्याच्या नव्या ताट्यांसकट.

झालं असं, की सासूबाई नागपूरहून पहिल्यांदाच महिनाभर राहायला येणार होत्या. बायकोनं बजावलं होतं, "आईला उकाडा सोसत नाही. एसी बसव. ती आल्या पावली परत गेली ना, तर बघ!" पण मी पडलो मोटारींच्या कारखान्यातला इंजिनियर, त्यात जन्माने नागपूरकर. म्हटलं, "अगं, जो आपल्या मे महिन्याला पुरून उरतो, त्याच्यापुढे चेन्नई म्हणजे लिंबूटिंबू!"

सासूबाई आल्या. मी पाणी ओतलं, बटण दाबलं, गारवा बाहेर सांडू नये म्हणून खिडक्याही घट्ट लावून घेतल्या. वाळा काय दरवळला! सासूबाईंनी डोळे मिटले. मी बायकोकडे असं पाहिलं, जणू वाऱ्याला वाहायला मीच शिकवलं.

जेवायला बसेपर्यंत वर्तमानपत्र लुळं पडलं. मिठाला पाझर फुटला. पानातला पापड वाकला, पण मोडेचना. आणि मी? पाणी कमी पडत असेल म्हणून कूलरमध्ये आणखी बादली ओतली!

आता कळतं, बरं का. कूलरचा सगळा खेळ कोरड्या हवेवर. नागपूरची हवा तहानलेली. ताटीतलं पाणी घटाघटा पिते आणि पिता पिता गार होते. चेन्नईची हवा समुद्रावरून आकंठ पिऊनच येते. तिला मी दारं-खिडक्या लावून आग्रह करत होतो.

सासूबाई पदराने मान पुसत उठल्या. "जावईबापू, आपल्या इकडे पाऊस लागला का कूलर झाकून ठेवतेत ना जी?"

"हो."

"काऊन?"

का, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. जो कूलर श्रावणात आम्ही स्वतःच्या हाताने झाकतो, तो मी बारमाही दमट गावात लावून बसलो होतो.

बायको रडवेली झाली. "आई, तू जाशील का गं परत?"

"नाही जात. खिडक्या उघड, पंखा लाव. पण या घरातून एकाला काढ. कूलर, नाही तं जावई. माझं ऐकशील तं कूलर ठेव. त्याचं बटन दाबलं का थो चूप तं बसते."