दोन्हीकडून वाहक

“सरका, पुढं सरका! कुणाचं कुणाला लागत न्हाय!”

येरमाळ्याहून संध्याकाळी ईटला जाणाऱ्या एसटीत तुम्ही कधी उभ्यानं प्रवास केला असेल, तर ही आरोळी तुम्ही ऐकलीच असेल. खाकी शर्टाचं वरचं बटण उघडं, कानावर पेन, आणि बोचकी, दुधाच्या किटल्या, म्हाताऱ्या यांच्यामधून पाण्यातून चालावं तसा वाट काढणारा आमचा कंडक्टर. एखाद्या आजीला म्हणायचा, “मावशे, गठुडं मांडीवर घे. त्याचं टिकट न्हाय काढलंस तू.” आजी शिव्या द्यायची आणि गठुडं मांडीवर घ्यायची.

मी येरमाळ्याला शाळेत विज्ञान शिकवतो, राहतो ईटला. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मीच. बाप शेळ्या राखायचा, म्हणून हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. याच पदवीमुळं कंडक्टर माझ्या सीटपाशी आला. डेपोतल्या शिबिरात त्यानं रक्तदान केलं होतं आणि रक्तपेढीतून फोन आला होता.

“सर, माझं रगत नापास झालंय. संगं येता का?”

दवाखान्यात तरुण डॉक्टर होत्या. अहवाल बघून म्हणाल्या, “काका, तुम्ही वाहक आहात.”

“व्हय की. नोकरीला लागल्यापसनं.”

बाईंना आधी कळेना. मग त्याच्या छातीवरचा बिल्ला दिसला आणि त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी नीट सांगितलं. हा कावीळ ‘ब’चा वाहक. विषाणू रक्तात आहे, पण निष्क्रिय. यकृत चांगलं आहे, आज औषधाची गरज नाही. दारू बंद, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. असे लोक बहुतेक ठणठणीत जगतात. जेवणाखाण्यातून, शेजारी बसण्यातून हे लागत नाही. रक्तातून लागतं, नवरा-बायकोच्या संबंधातून लागतं. “काकूंना घेऊन या. तपासू. लागण नसेल तर लस देऊ. तोवर निरोध वापरा.”

“मला कुठनं आलं असंल?”

“बहुधा जन्मतानाच, आईकडून. नक्की सांगता येत नाही.”

परतताना तो गमतीत होता. “बिल्ल्यावर वाहक, रगतात बी वाहक. दोन्हीकडनं पर्मनंट!” मग कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “सर, लग्नाच्या दुसऱ्या साली तिला कावीळ झालती.”

डोळे पिवळेजर्द झालेले. त्यानं तिला माळवाल्याकडं नेलं होतं. कावीळ उतरेल तशी डोक्यावरची माळ मोठी होत गळ्यात उतरते, अशी आपल्याकडं समजूत आहे. महिनाभर ती आंथरुणाला खिळली आणि सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, “माहेराहून कावीळ घेऊन आली बया.” आजही भांडण झालं की ते निघतंच.

“ती माझीच व्हती, सर.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता वहिनींना तपासायला आणा.”

“आणतो. ह्याच आठवड्यात.”

आणलं नाही. आणायचं म्हणजे आधी तेच सांगावं लागणार होतं. त्याची आरोळीही त्या दिवसापासून अर्धी झाली. नुसतंच “पुढं सरका.”

आमची गाडी मुक्कामी. रात्री ईटला थांबते, चालक-वाहक तिथंच झोपतात, पहाटे परत. त्याची पाळी आठवड्यातून एखाददुसरी यायची. आता तो इतरांच्याही पाळ्या मागून घेऊ लागला. ड्रायव्हर म्हणायचा, “ईटला दुसरं घर केलंस काय रं?” हा हसायचा. येरमाळ्याला घरी काय सांगतो, हे मी विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाला, “येडाईला नवस बोललोय म्हणलं. फिटूस्तोवर आंथरूण येगळं.”

मी त्याला विषाणूवर आणखी एक व्याख्यान दिलं. तेवढंच मला येतं.

मग एकदा येरमाळ्याच्या स्टँडवर वहिनींनी मला गाठलं. पायात चपला नव्हत्या. “सर, ह्यांनी लेकरासाठीच नवस बोललाय ना? म्या बी अनवाणी चालायलेय, तेवढाच हातभार. पण सर, लेकरासाठी नवस आन नवरा ईटला झोपतो, आसला कसला वो ह्यो नवस?”

मी “त्यांनाच विचारा” म्हणालो आणि चहाच्या टपरीकडं वळलो. मला तहान नव्हती.

संध्याकाळी गाडीत त्याला सांगितलं. तो दांड्याला धरून उभाच राहिला. उतरणारे ओरडत होते, घंटी द्यायचं त्याला सुचलं नाही. एक थांबा तसाच मागं गेला.

दुसऱ्या दिवशी तो वहिनींना दवाखान्यात घेऊन आला. मलाही बोलावलं. अहवाल मिळाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “काकूंना लागण कधीतरी होऊन गेली आहे. शरीरानंच ती घालवली. आता यांना तुमच्यापासून धोका नाही, लसही नको. मूल हवं असेल तर होऊ द्या. बाळाला जन्मल्यावर लस देतातच.”

“कधीतरी म्हंजी कधी?” वहिनींनी विचारलं.

“ते सांगता येणार नाही.”

“मला येतं सांगता,” तो म्हणाला. तिथंच, त्या बाकावर, त्यानं सगळं सांगितलं.

वहिनींनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “कावीळ ऱ्हाऊ द्या. येडाईच्या नावानं खोटं बोललात, त्याचं काय? पाय सोलवटून घेतले की म्या.”

आईलाही त्यानं सांगितलं, “ती कावीळ माझी व्हती. तिच्या माहेराला परत नाव ठिवू नकोस.” म्हातारी म्हणाली, “मग माळ तुझ्या डोक्यावर ठिवाय पायजे व्हती.” मग तिनं विचारलं, “आन तुला कुठनं आली रं?”

“गाडीतनं, आई. धा गावचे लोक बसत्यात.”

हे मला सांगून तो म्हणाला, “म्हातारीला कळता कामा न्हाय, सर. एकाची झोप गेली तेवढं बास.”

मला वाटलं, आता तो घरी झोपेल. धोका नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. पण तो मुक्कामी पाळ्या मागतच राहिला. “जवळ गेलो की तिचे पिवळे डोळे दिसतेत,” एवढंच म्हणाला. यावर आमच्या पुस्तकात काही नाही.

मागच्या आठवड्यात गाडी सुटायच्या बेतात होती. वहिनी चढल्या. हातात डबा, काखेत वळकटी.

“ही मुक्कामी हाय,” तो म्हणाला. “परत गाडी न्हाय.”

“ठावं हाय. एक ईट द्या. अर्धं.”

त्यानं तिकीट काढलं, सुट्टे पैसे मोजून परत दिले. तिकीट घेऊन वहिनी वाहकाच्या सीटवर बसल्या, खिडकीकडं सरकून, अर्धी जागा सोडून. गाडी निम्मी रिकामी होती. तो ईट येईपर्यंत उभाच होता.