बांधापायी घेतलेलं रिव्हॉल्व्हर

हरबिलास सिंह भदौरियांनी कालव्याच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली आणि त्या चौतीस वर्षांत कुणावर आवाज म्हणून चढवला नाही. भिंडकडच्या ठाकुराला हे शोभत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. गावात दूध घालायला निघालेला माणूससुद्धा एका हातात चरवी आणि खांद्यावर दुनळी बंदूक घेऊन निघतो. हरबिलासांच्या खांद्यावर आयुष्यभर एक पंचा, आणि तोही घडी घातलेला.

त्यांच्या घरच्या, रामश्रीबाई, यांना त्याचं दुःख नव्हतं. "माताजीनं शांत माणूस दिला, उपकार झाले तिचे," असं म्हणून त्या देवीपुढे वात लावत. दुःख होतं ते हरबिलासांनाच, आणि ते निवृत्त होऊन गावी आल्यावर उघडं पडलं.

पहिल्याच पेरणीला धाकटा चुलतभाऊ गजाधर याने हरबिलासांच्या मोहरीच्या शेताचा बांध चांगला हातभर आत सरकवला. बांधालगतची, रस्त्याकडची पट्टी म्हणजे हरबिलासांच्या साऱ्या जमिनीतला जीव. ते विचारायला गेले. गजाधर ट्रॅक्टरवरून उतरला, आधी वाकून थोरल्याच्या पायांना हात लावला.

"पाया पडतो, दद्दा."

"सुखी राहा."

"पुन्हा बांधाकडे आलात तर तंगड्या मोडीन तुमच्या."

आता नुकताच आशीर्वाद दिलेल्या माणसाला काय बोलणार? हरबिलास "बरं" म्हणाले आणि घरी आले. त्या दिवसापासून शेताची वाट सुटली. सकाळचं फिरणंही देवळाच्या बाजूला सुरू झालं. रामश्रीबाईंना वाटलं, उशिरा का होईना, भक्ती लागली.

भक्ती नव्हे, त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज लिहायला घेतला होता. अर्ज लिहिणं हीच एक गोष्ट अशी होती की त्यात त्यांना जिल्ह्यात कुणी हरवलं नसतं. 'जीवितास धोका कोणाकडून' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात गजाधरचं नाव, बापाचं नाव आणि वय लिहिलं. ठाण्यातून चौकशीला जमादार आला तेव्हा शेजाऱ्याचा जबाब म्हणून नेमका गजाधरच पुढे झाला.

"यांच्या जिवाला खरंच धोका आहे?" जमादारानं विचारलं.

"आहे म्हणजे? मीच दिलीय की धमकी! भर दिवसा, चार माणसांदेखत. लिहून घ्या." आपल्या धमकीवर सरकारी कागदात शंका घेतली जातेय, याचाच त्याला राग आला होता. जबाब इतका खणखणीत झाला की इतरांना जे दहा वर्षांत मिळत नाही ते हरबिलासांना तिसऱ्या वर्षी मिळालं.

परवाना आला त्या दिवशी चहाच्या टपरीवर दोघे-तिघे त्यांना बघून उठून उभे राहिले. मग जो तो एकच विचारू लागला, "कोणतं घेणार?"

घेण्यासारखी दोन होती. एक नव्या कुठल्याशा कारखान्याचं, साधं, स्वस्तातलं. दुसरं विलायती घडणीचं, अक्रोडाच्या मुठीचं, पहिल्याच्या चौपट किमतीचं. सहा गोळ्या यातही आणि सहा गोळ्या त्यातही. हरबिलासांनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून दोन्हींचे गुणदोष लिहून काढले आणि निर्णय दिला: साधं घ्यावं. मारायचं थोडंच आहे, दाखवायचं आहे.

"दाखवायचंच तर ताटलीभर पेढे दाखवा गजाधरला," रामश्रीबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "पोळीला तूप लावायचं तरी चाकूची बोथट बाजू धरता तुम्ही."

गावाची मतं पडत राहिली आणि फिरत फिरत बातमी गजाधरपर्यंत गेली. तो तडक घरी आला. पायांना हात लावला, खाट ओढली आणि बसला.

"दद्दा, ऐकतोय ते खरं? स्वस्तातलं घेताय?"

"विचार तसा आहे."

"माझ्यासाठीच घेताय ना?"

हरबिलास घुटमळले. "तसं... अर्जात तसं लिहिलंय खरं."

"मग! उद्या तुम्ही ते माझ्यावर रोखलंत आणि चार सोयऱ्यांनी बघितलं तर? म्हणतील, गजाधर सिंहाला धाक घालायला सख्ख्या चुलतभावानं बाजारातलं सगळ्यात हलकं आणलं! माझी नाही तर निदान घराण्याची तरी लाज ठेवा. भौजी, तुम्ही सांगा यांना."

"मी काय सांगू, भैया? मला तर दोन्ही नकोत."

"बघा, भौजींनाही स्वस्तातलं नको आहे," गजाधर म्हणाला. "उद्या सकाळच्या गाडीनं ग्वाल्हेरला जाऊ. मी येतो. तुम्हाला यातलं कळत नाही."

यात खोटं काही नव्हतं. अख्ख्या गावात रिव्हॉल्व्हरमधलं कळणारा माणूस एकच, आणि त्याच्याच भीतीनं ते घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एका बाकावर बसून गेले. खिडकीची जागा गजाधरनं दद्दांना दिली.

दुकानातल्या म्हाताऱ्या मुन्शींनी लाल कापडावर दोन्ही हत्यारं रिकामी करून मांडली. हरबिलासांनी आधी साधं उचललं. चाप ओढला. तो हलेना. लिहून लिहून वाकडं झालेलं बोट लावून पाहिलं, मग दुसऱ्या हाताचंही बोट जोडीला घेतलं. चाप हलला तेव्हा नळी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीकडे वळली होती.

"साहेब, खाली, खाली धरा," मुन्शी म्हणाले. "नवं आहे, जड वाटणारच. रोज थोडा सराव केलात तर हात बसतो. काम यानंही होतं."

"मुन्शीजी, गिऱ्हाईक कोण आहे ते बघून बोला," गजाधर म्हणाला. "यांनी चाप ओढेपर्यंत मी जेवून येईन. ते दुसरं द्या."

दुसरं हातात आलं. देव्हाऱ्याची तेल घातलेली कडी सरकावी तसा चाप सरकला. चक्री फिरली तिचा आवाजसुद्धा मऊ. चौतीस वर्षांत जी ऐट कधी अंगाला लागली नव्हती ती एकदम मनगटातून वर चढली. हरबिलासांनी किंमत विचारली, आणि झोपलं मूल खाली ठेवावं तसं ते हळूच कापडावर ठेवलं. तेवढे पैसे नव्हते.

गजाधरनं त्यांना बाहेर नेलं, चहा मागवला, समोसा मागवला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दद्दा, बांधाची पट्टी मला देऊन टाका. बाजारभावानं. विलायती तर येईलच, वर गोळ्यांचा डबाही येईल."

हरबिलासांचा समोसा हातातच राहिला. "पण गजाधर, त्या पट्टीसाठीच तर हे सगळं..."

"म्हणूनच सांगतोय ना! एवढ्या किमती पट्टीच्या राखणीला साधं हत्यार शोभतं का?"

हरबिलास विचारात पडले. बोलण्यात कुठेतरी गोम आहे असं त्यांना वाटत होतं, पण ती सापडेना. शिवाय कचेरीत त्यांनी असे किती तरी कागद स्वतः नक्कल केले होते, ज्यांत कालव्याच्या डागडुजीची तरतूद व्हावी म्हणून कालवाच बंद केलेला होता. वर साहेबाची सही असे. ते म्हणाले, "भाव मात्र रस्त्याकडच्या जमिनीचा धरायचा."

"दद्दा, तुमच्याशी काय लबाडी करायची?"

महिन्याभरात पट्टीचं खरेदीखत झालं आणि अक्रोडी मूठ हरबिलासांच्या कमरेला आली. रामश्रीबाईंनी खत वाचून घेतलं, दोनदा. मग माताजीपुढे बसल्या आणि त्या दिवशी त्यांची पूजा फार लांबली.

मान मात्र मिळाला, तो नाकारून चालणार नाही. दसऱ्याला भदौरियांच्या शस्त्रांची पूजा ज्याच्या घरी सगळ्यांत भारी हत्यार त्याच्या घरी होते. त्या वर्षी ती पहिल्यांदा हरबिलासांकडे झाली. पाटावर मधोमध विलायती, भोवती गावभरच्या बंदुका. बावीस माणसांच्या पुऱ्या रामश्रीबाईंनी एकट्यांनी तळल्या. हरबिलास कपाळभर टिळा लावून सगळ्यांच्या मधोमध बसले होते, आणि त्यांना आता कुणाचीही भीती वाटत नव्हती.

दिवाळीच्या सुमारास रामश्रीबाई वड्या वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि तशाच खाली आल्या.

"अहो, नवा बांध बघितलात का? विकलेल्या पट्टीच्याही अलीकडे आलाय तो. चांगला हातभर."

हरबिलास उठले. पट्टा बांधला, रिव्हॉल्व्हरची खोळ पुढे ओढली, पंचा खुंटीलाच ठेवला आणि तीन वर्षांनी प्रथमच शेताच्या वाटेला लागले. रामश्रीबाईंनी समईत वात वाढवली, माळ हातात घेतली. एकदा वाटलं बोलवावं परत, एकदा वाटलं जाऊ दे, एकदाचं बोलू दे त्या माणसाला.

पाऊण तासानं हरबिलास परत आले. चेहरा समाधानी होता.

"भेटला?"

"भेटला. पाया पडला."

"मग? बोललात?"

"बोललो ना. बराच वेळ बोललो," हरबिलास पट्टा सोडत म्हणाले. "चक्रीला खोबरेल नाही घालायचं म्हणाला. शिलाई मशीनचं तेल आहे का घरात?"