न फुटलेली सुपारी

कामरगावच्या जीप स्टँडवर गोपीचंदच्या टपरीतला चहा पातळ आणि बातमी दाट. कोणाची सून रुसली, कोणाचा जावई उपाशी परतला, सगळं त्याला आधी कळायचं. नाही कळलं, तर तो रचायचा. गाव त्यातलं अर्धं सोडून देई.

इंद्रभानचा शिवम आणि उत्तमरावची सायली यांचं जमलंय, हे टपरीला ठाऊक होतं. घरच्यांना नव्हतं; शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या वादात, दोन्ही घरं एकमेकांशी बोलतच नव्हती. शिवम म्हणजे फटाका, वात लागली की संपलं. सायली उलटी. दुखलं की ओठ आवळून बसेल, पण आपणहून विचारणार नाही.

दिवाळीत शिवम चहाला थांबला. गोपीचंदनं काढला चिमटा, "कायचा चहा पेतं बे? सायलीची सुपारी फुटली काल, लगन ठरलं. पाहुणे कारंज्याचे, मोठे बागाईतदार!"

पोरगं शिवी हासडेल, असं त्याला वाटलं. पोरगं पांढरंफटक पडलं. भरला कप ठेवून उठलं. "अबे, थांब नं!" म्हणेस्तोवर शेलूबाजारची जीप त्याला घेऊन गेलीसुद्धा. सायलीचा नंबर ब्लॉक करून तो थेट सुरतेला.

येईल चार दिवसांत, म्हणून गोपीचंद गप्प राहिला. मग गप्प राहिलो होतो हे सांगायची लाज वाटू लागली. होळी झाली, उत्तमरावानं खरंच सुपारी फोडली. परवा हळद. टपरीवरच्या बातम्या आटल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "काहो गोपीकाका, दात दुखून राह्यला काय?"

शेवटी तो उत्तमरावाच्या मळ्यात गेला. सायली मेथीच्या जुड्या बांधत होती.

"पोरी, तुही सुपारी फुटली, असं शिवमले मीच सांगतलं. मस्करी केली वं."

तिचे हात थांबले. "तवा तं मले कोणी पाह्यलेबी आलं नोतं."

"माही जीभ झडो. फोन लावू त्याले? अजून येळ आहे."

"लावा."

पलीकडून आवाज येताच तिनं फोन घेतला. "मी सायली. तवा सुपारी फुटली नोती. आता फुटली." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "नाही, येऊ नको. काकानं मस्करी केली, पण तू मले एकडाव तं विचारलं असतं. मीबी नाही विचारलं. राहू दे आता."

तिनं फोन परत दिला आणि पुढची जुडी उचलली. फोन लगेच वाजला. पडद्यावर शिवमचं नाव.

"उचला नं, काका," ती मान वर न करता म्हणाली. "रडून राह्यला तो. तुमाले तं सगळ्याइले हसवता येते."

त्यानं फोन कानाला लावला. "काका?" एवढंच ऐकू आलं. गोपीचंद मेथीच्या वाफ्याशी खाली बसला. काय बोलावं, हे त्याला सुचेना, आणि फोन ठेववेनाही.